‘लागलं’ म्हणणाऱ्या बाईचा दोष अर्जदाराच्या नावे वर्ग होणेबाबत

प्रति,
मा. अनुपालन अधिकारी,
लघु मालवाहतूकदार कक्ष (एक ते तीन वाहने),
परिवहन कार्यालय, जुनी इमारत, जिन्याखाली.

अर्जदार: एका ट्रकचा मालक, तथा त्याच ट्रकचा चालक.

विषय: मागचा दिवा न लागल्याप्रकरणी निरीक्षण-सहायक (अर्जदाराची पत्नी) हिच्यावर ठेवलेला दोष काढून तो अर्जदारावर ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदारास निर्दोष ठरवणारा आपला आदेश.
२) त्याच लिफाफ्यातून आलेले, अर्जदाराच्या पत्नीस दोषी ठरवणारे आपले समजपत्र.
३) खिडकी क्रमांक दोनवरील लिपिकांशी झालेले बोलणे (तोंडी).

महोदय,

आपल्या कार्यालयाने निर्दोष ठरवले म्हणजे माणसाने आभार मानावेत, अशी अपेक्षा असते. अर्जदार ते मानतो, आणि लगेच तक्रार सादर करतो की त्याला निर्दोष ठरवण्यात चूक झालेली आहे.

१. अर्जदार वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचा पदवीशी आता संबंध उरलेला नाही. त्याच्याकडे एक ट्रक आहे. ही गाडी घरात आधी आली आणि मुलगी नंतर झाली, म्हणून गाडीला घरात ‘थोरली’ म्हणतात आणि मुलीला ‘धाकटी’. धाकटी सासरी गेली. थोरली दारात उभी आहे. घरात आता अर्जदार, त्याची पत्नी आणि आपल्या कार्यालयाची परिपत्रके एवढेच राहतात.

२. लघु मालवाहतूकदारांसाठी आपण जे नियम केले, ते मालक वेगळा आणि चालक वेगळा असे धरून केले आहेत. अर्जदार दोन्ही आहे. तरीही त्याने आजवर एकही नियम टाळलेला नाही. मालकाने चालकाची दरमहा बैठक घ्यावी, असा नियम आहे. अर्जदार ही बैठक केबिनमध्ये, माल उतरेपर्यंत, चहा पीत घेतो. इतिवृत्तात ‘चालक वेळेवर हजर. मालकाने भरधाव न जाण्याची समज दिली. चालकाने ती खाली मान घालून ऐकली’ असे लिहिलेले आढळेल, आणि ते शब्दशः खरे आहे, कारण लिहिताना मान खालीच असते. चालकांच्या तक्रारींसाठी पेटी हवी म्हणून केबिनमध्ये पेटी ठोकली आहे. तिची किल्ली मालकाकडे असते, त्यामुळे चालक मोकळेपणाने तक्रार करू शकत नाही, हे अर्जदारास मान्य आहे.

रोजच्या तपासणी तक्त्यावर मालकाची एक आणि चालकाची एक अशा दोन सह्या लागतात. सुरुवातीला अर्जदार सारखीच सही दोनदा करी. तेव्हा आपल्या कार्यालयाने ‘दोन्ही सह्या एकाच व्यक्तीच्या वाटतात, खुलासा करावा’ असे पत्र धाडले. खुलासा केला असता ‘खुलासा समाधानकारक, तथापि सह्या वेगळ्या असाव्यात’ असे उत्तर आले. तेव्हापासून अर्जदार मालक म्हणून पूर्ण नाव लिहितो आणि चालक म्हणून आद्याक्षरांना शेपूट काढतो. त्याने या क्षेत्रात एवढेच खोटे केले आहे, अशी त्याची गेल्या महिन्यापर्यंत समजूत होती.

३. तिसरी सही सहायकाची. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात की नाही, हे ब्रेक दाबणाऱ्याला दिसत नाही. त्यासाठी गाडीमागे दुसरी व्यक्ती उभी पाहिजे. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणूस असतो. अर्जदाराकडे पत्नी आहे. तिची निरीक्षण-सहायक म्हणून रीतसर नेमणूक झाली तेव्हा ‘अनुभव’ या रकान्यात काय लिहायचे ते तिनेच सांगितले. “लिहा, लग्न झाल्यापासून ह्यांच्या मागेच उभी आहे.” अर्जदाराने ते तसेच लिहिले आणि आपण ते मंजूर केले.

४. आता मुद्द्याच्या शब्दाकडे.

पहिल्या दिवशी अर्जदाराने केबिनमधून विचारले होते, “ब्रेकचा दिवा लागला का?” आणि पत्नीने मागून उत्तर दिले होते, “दोन्ही दिवे व्यवस्थित लागले आहेत.” कार्यालयातले कोणी तेव्हा हजर असते, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पुढे दिव्याचे ‘मागचं’ झाले. “मागचं लागलं का?” “हो, लागलं.” दिवा पुल्लिंगी असल्याने ‘लागलं’ हे व्याकरणात बसत नाही, पण नवरा-बायकोत व्याकरण फार दिवस टिकत नाही. मग ‘मागचं’ गेले, मग ‘का’ गेले, मग ‘हो’ गेले. “लागलं?” “लागलं.” तेवढेच उरले. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना वाटायचे की नवरा रोज सकाळी बायकोला काहीतरी फेकून मारतो, लागले का म्हणून वर विचारतो, आणि ही बिचारी लागले म्हणून सांगते.

असे वर्षानुवर्षे चालले. दिवेही लागत राहिले. सवय ही अशी हळूहळू झिजत जाणारी गोष्ट असल्याने ती कोणत्या दिवशी पूर्ण संपली हे कळत नाही. मात्र या प्रकरणी तो दिवस अर्जदारास ठाऊक आहे.

५. त्या दिवशी सकाळी पत्नीने गॅसवर दूध ठेवले होते आणि ती नेहमीप्रमाणे थोरलीच्या मागे येऊन उभी राहिली. अर्जदार केबिनमध्ये चढला. तक्त्यावर सही करायचे पेन हातातून निसटून सीटखाली गेले. अर्जदार वाकून ते शोधू लागला. त्याचा पाय ब्रेकवर नव्हता. त्याने काहीही विचारलेले नव्हते. अशा स्थितीत, सीटखाली डोके असताना, त्याने मागून पत्नीचा आवाज स्पष्ट ऐकला:

“लागलं!”

आणि तिची चप्पल घराकडे वाजत गेली, कारण दूध वर येत असावे.

अर्जदार हसला. महोदय, हे आपल्या चौकशी अहवालात नाही, म्हणून मुद्दाम नमूद करतो. तो सीटखाली डोके असतानाच हसला, आणि संध्याकाळी आल्यावर हिला चिडवायचे असे त्याने ठरवले. ‘ब्रेक दाबायच्या आधीच दिवा पाहणारी बाई’ हे वाक्यही त्याने तयार केले. मग पेन सापडले. त्याने मालक म्हणून सही केली, चालक म्हणून शेपूट काढले, ‘मागील दिवे: लागतात’ यावर खूण केली (पत्नीची सही नेहमीप्रमाणे आदल्या रात्रीच झालेली होती), आणि तो निघाला. एकदा खाली उतरून “अगं, परत ये, अजून दाबलंच नाही” म्हणायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब अर्जदार तेव्हापासून करतो आहे. तो वेळ दरवेळी आधीपेक्षा कमीच निघतो.

६. बाजाराच्या वळणावर एक हातगाडी आडवी आली. अर्जदाराने ब्रेक दाबला. गाडी थांबली. मागून धाडकन आवाज आला.

उतरून पाहतो तर स्कूटर आडवी, आणि शेजारी रस्त्यावर बसलेला एक गृहस्थ, डावा हात उजव्या हातात धरून. बाजारातल्या चष्म्यांच्या दुकानाचा हा मालक. अर्जदार धावत गेला आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघते तेच त्याच्या तोंडून निघाले.

“लागलं का?”

ते गृहस्थ वर पाहून म्हणाले, “लागलं.”

त्याच सकाळी दुसऱ्यांदा. मग त्यांनी बऱ्या हाताने थोरलीच्या मागच्या बाजूकडे बोट केले. “तुमचा दिवा कुठंय, हो? दिवा लागला असता तर मी काय आंधळा आहे?” चष्मेवाल्याने विचारलेला हा प्रश्न ऐकून जमलेल्यांतले दोघे हसले. अर्जदाराला त्या दिवशीचे हसणे आधीच पुरले होते.

आदल्या दिवशी माल चढवताना कुठेतरी वायर सुटली होती, असे नंतर आढळले. ब्रेक दाबून पाहिले असते तर ते घरीच आढळले असते.

७. इस्पितळाच्या पायरीवर पत्नी धावत आली, ओल्या हाताने, तशीच. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “मी बघितलं नव्हतं का हो?”

अर्जदार म्हणाला, “तसं काही नाही.”

महोदय, ‘तसं काही नाही’ हे शब्द जेव्हा अगदी तसेच असते तेव्हा वापरतात, हे मराठी येणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पत्नीलाही ठाऊक आहे. फक्त तिने त्यांचा अर्थ स्वतःकडे लावून घेतला, आणि अर्जदाराने तो तिच्याकडेच राहू दिला.

नंतर आपले चौकशी अधिकारी घरी आले. स्वयंपाकघरात बसून, पाणी पिऊन, त्यांनी पत्नीस विचारले, “त्या सकाळी तुम्ही ‘लागलं’ असं म्हणालात?”

“म्हणाले.”

“दिवा लागलेला पाहिलात?”

ती बराच वेळ भांड्याची कड पुसत राहिली. “म्हणाले म्हणजे बघितलाच असणार. पण साहेब, आठवायला गेले की मला दूधच आठवतं.”

मग ते अर्जदाराकडे वळले. “आणि तुम्ही ब्रेक दाबलात?”

या क्षणी अर्जदाराने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. त्यावर गेल्या महिन्याचे पान होते. तो म्हणाला, “रोजच दाबतो.”

हे खरे आहे. कोणत्याही न्यायालयात ते खरे ठरेल. अधिकाऱ्यांनी कागदावर ‘होय’ असे लिहिले. त्यांनी काय लिहिले ते अर्जदाराने समोरून, उलटे, वाचले, आणि तो गप्प बसला. या अर्जातला सर्वात मोठा गुन्हा हाच आहे. तो रस्त्यावर झालेला नसल्याने आपल्या नियमावलीत सापडणार नाही.

८. आपल्या कार्यालयाने त्यानंतर पत्नीची दृष्टी तपासून आणण्याचे फर्मावले. कल्पना अशी होती की दृष्टी अधू निघाल्यास अधू व्यक्तीस नेमल्याचा दोष मालकावर येईल, आणि चांगली निघाल्यास सहायकावर. अर्जदाराने आयुष्यात पहिल्यांदाच बायकोला चष्मा लागावा अशी इच्छा केली.

बाजारात चष्म्यांचे दुकान एकच आहे. त्यामुळे ज्यांचा हात मोडला, त्यांच्याकडेच पत्नीस डोळे तपासायला जावे लागले. त्यांनी प्लास्टरमधल्या हाताने तिची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बऱ्या हाताने भिंगे बदलली. तिने अगदी खालची, मुंगीएवढी ओळही वाचून दाखवली. त्यांना आनंद झाला. “ताई, तुमच्या डोळ्यांना काहीच झालेलं नाही. या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत.”

ती तिथेच रडू लागली. त्यांना वाटले आनंदाने रडते.

त्या दिवसापासून ती त्यांना दुपारचा डबा नेते, कारण ते एकटेच दुकानाच्या माळ्यावर राहतात आणि एका हाताने काही होत नाही. परवा डबा घेऊन अर्जदारास जावे लागले. ते म्हणाले, “तुमच्या मिसेस फार सरळ आहेत हो. रोज माफी मागतात. आता मलाच अपराधी वाटायला लागलंय. त्यांना सांगा ना, बस झालं म्हणून. तुमचं ऐकतील त्या.” अर्जदाराने “सांगतो” म्हटले, रिकामा डबा उचलला आणि तो जिना उतरला. त्याने सांगितलेले नाही.

९. आपला आदेश आला. मालक: निर्दोष, कारण त्याने सहायक नेमला व तक्त्यावर सही घेतली. चालक: निर्दोष, कारण मालकाने त्यास गाडी सुस्थितीत असल्याचे प्रमाणित करून दिले होते. सहायक: दोषी. मालक व चालक हे एकमेकांस इतक्या चोख रीतीने निर्दोष ठरवतील, याची त्या दोघांनाही कल्पना नव्हती. सोबत ‘अनुकरणीय लघु मालवाहतूकदार’ असे प्रमाणपत्रही आहे. पत्नीने ते कोरड्या फडक्याने पुसून, स्वतःच्या समजपत्राच्या वर, फडताळात ठेवले. “निदान तुमच्या नावाला बट्टा नाही लागला,” असे ती म्हणाली.

चूक झाली, महोदय. ती ‘बट्टा नाही आला’ असे म्हणाली. त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

१०. पत्नीने ‘लागणे’ हे क्रियापद सोडले आहे.

हे अर्जदाराच्या लगेच लक्षात आले नाही. आधी सकाळी गाडीमागून ती ‘लागलं’ऐवजी “दिसतंय” म्हणू लागली. मग तेही पुरेना. आता ती दिव्यापाशी जाऊन काचेला हात लावते, ऊब आली का बघते, “परत दाबा” म्हणते, “सोडा” म्हणते, “परत” म्हणते. माल भरायच्या ठिकाणी अर्जदाराची गाडी रोज शेवटी पोचते. त्याची तक्रार नाही.

पण घरातही तो शब्द बंद झाला, हे हळूहळू कळले. आपल्या भाषेत या एका शब्दाशिवाय घर चालवणे किती कठीण आहे, हे आपण एक दिवस करून पाहावे. भूक लागते, तहान लागते, उचकी लागते, डोळा लागतो, दार लागते, दूध तळाला लागते, मुलीचा फोन लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, एकमेकांचा लळा लागतो. ती आता “भूक आहे का?” म्हणते. “दार बंद झालं,” म्हणते. दूध करपले, फोन मिळाला. धाकटीने फोनवर विचारले, “आई, बाबा म्हणाले तुझ्या पायाला लागलंय?” तर म्हणाली, “आपटलाय.” धाकटीने मग अर्जदाराला स्वतंत्रपणे फोन केला. “बाबा, आई असं का बोलतीये? पुस्तकातल्यासारखं? तिला काय झालंय?”

अर्जदार म्हणाला, “तसं काही नाही.”

एकाच घरात एक बाई एका शब्दाच्या कडेकडेने चालते आहे, आणि तो शब्द तिच्या वाटेत कोणी टाकला हे फक्त एका माणसाला ठाऊक आहे. तो माणूस समोर बसून जेवतो. आपण अनुकरणीय ठरवलेला माणूस तो हाच.

११. दोषी सहायकास गाडीमागे उभे राहता येणार नाही, महिन्याअखेरपर्यंत दुसरी व्यक्ती नेमावी, असेही आपले समजपत्र म्हणते. त्यासाठी अर्जदार खिडकी क्रमांक दोनवर गेला. लिपिक महाशय सज्जन आहेत.

अर्जदाराने विचारले, “ब्रेकवर वीट ठेवून मागे जाऊन स्वतःच बघितलं तर?”

ते म्हणाले, “वीट ही व्यक्तीच्या व्याख्येत बसत नाही.”

“मागच्या भिंतीला आरसा लावला तर?”

“आणि तिसरी सही आरसा करणार?”

मग अर्जदार हळू आवाजात म्हणाला, “खरं सांगू का, दोष तिचा नाही, माझा आहे. मी ब्रेक दाबलाच नव्हता.”

लिपिक महाशयांनी चष्मा काढला. (तो त्याच दुकानातला आहे.) “अहो, निर्दोष सुटलात ना? मग घरी जा की. इथं माणसं दोष काढायला येतात, मागायला कोणी येत नाही. त्याचा नमुनाच नाही आमच्याकडे.” शोधाशोध केल्यावर ‘दोषमुक्तीचा अर्ज’ सापडला. पण तो फक्त दोषी व्यक्तीलाच करता येतो, आणि अर्जदार निर्दोष असल्याने अपात्र आहे. शेवटी ते म्हणाले, “साध्या कागदावर करा. मात्र ज्यांचा दोष काढायचा त्यांचा अभिप्राय पाहिजे. स्वतःच्या अक्षरात. कागदाच्या मागच्या बाजूला.”

“मागच्याच का?”

“पुढं तुम्ही असता ना.”

अर्जदार तेथून निघाला आणि जिन्यासमोर, दोषी सहायकांची नावे लावलेल्या फलकापाशी, उभा राहिला. कार्यालयाला खरे सांगायची त्याची तयारी झाली होती. आपल्याला सांगणे सोपे आहे, महोदय, आपण अनोळखी आहात आणि आपल्याला दूध आठवत नाही. हा कागद तिने वाचल्याशिवाय आपल्याकडे येऊच शकत नाही, हे अर्जदाराच्या डोक्यात आले नव्हते. आपल्या कार्यालयाचा एखादा नियम इतका नेमका असेल अशी त्याला अपेक्षा नव्हती.

१२. सबब अर्जदाराची विनंती अशी की,

(अ) सहायकावरील दोष काढून घेण्यात यावा आणि दोषी सहायकांच्या यादीतून, तसेच जिन्यासमोरील फलकावरून, तिचे नाव काढावे. बाजारात जाताना ती आता लांबच्या रस्त्याने जाते.

(आ) तो दोष मालकावर ठेवावा, कारण त्याने न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली. आणि चालकावरही ठेवावा, कारण त्याने न केलेल्या गोष्टीचे श्रेय घेतले. दोघांना समोरासमोर बसवून चौकशी करायची झाल्यास एक खुर्ची पुरेल.

(इ) असे झाल्यास मालकाचा परवाना आणि चालकाचे लायसन, दोन्ही सहा महिन्यांकरिता निलंबित होतात, हे अर्जदाराने नियमात वाचले आहे. थोरली दारात उभी राहील. दुसरे उत्पन्न नाही. हे माहीत असूनही अर्ज करीत आहे, असे लिहावे लागते म्हणून लिहिले. खरे पाहता, हे माहीत होते म्हणूनच स्वयंपाकघरात कॅलेंडरकडे पाहिले होते.

(ई) अनुकरणीय असल्याचे प्रमाणपत्र परत घ्यावे. कोणी अनुकरण केल्यास अनर्थ होईल.

१३. (पुरवणी.) वरील मजकूर अर्जदाराने रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पूर्ण केला आणि कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या पत्नीसमोर ठेवला. “ऑफिसला तुझा अभिप्राय पाहिजे,” एवढेच तो म्हणाला. तिला वाटले नव्या सहायकासंबंधी काही असेल. तिने उभ्यानेच वाचायला घेतले. पाचव्या परिच्छेदाशी ती खाली बसली.

अर्जदार तिच्याकडे पाहत होता. कॅलेंडरकडे नाही. (ते पान आता बदललेले आहे.)

सगळे वाचून झाल्यावर तिने पाने जुळवली, टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या. मग विचारले, “तुम्ही हसलात?”

“हो.”

“संध्याकाळी चिडवणार होतात.”

“हो.”

“चिडवलं असतंत तर बरं झालं असतं.” मग एक घडी घालून, “इतके दिवस मी त्या माणसाला डबा नेतेय, आणि तुम्ही डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते बघून देत होतात.”

‘तसं काही नाही’ हे शब्द त्याच्या तोंडाशी आले होते. ते त्याने गिळले. एवढेच त्याच्या बाजूने नोंदवता येईल.

तिने पेन मागून घेतले. ते तेच पेन होते, पण हे तिला सांगण्याची ती वेळ नव्हती. मग म्हणाली, “बाहेर जा. समोर कोणी बसलं की मला लिहिता येत नाही. थोरलीच्या मागं उभे राहा जाऊन.”

अर्जदार जाऊन उभा राहिला. गाडीचा मालक तथा चालक म्हणून तो इतक्या वर्षांत सकाळच्या वेळी त्या जागी कधी उभा राहिलेला नाही, आणि त्या दुपारी उभा राहिला तेव्हा त्याला ती जागा पहिल्यांदा दिसली. भिंत आणि गाडी यांच्यात एक माणूस तिरपा मावेल एवढेच अंतर आहे. धुराने भिंत काळी पडली आहे, आणि त्या काळ्यात, खांद्याच्या उंचीला, एक जरा कमी काळी जागा आहे. जमिनीवर दोन चपलांपुरती माती घट्ट बसून चकाकते. तिथून केबिन दिसत नाही, आत बसलेला माणूस दिसत नाही, त्याचा पाय कुठे आहे ते कळायला काही मार्ग नाही. फक्त तो दाबत असेल, असे धरून चालावे लागते.

ती बाहेर आली, कागद त्याच्या हातात दिला आणि “चहा ठेवते” म्हणून आत गेली. पान उलटून पाहायची अर्जदाराची छाती झालेली नाही. अभिप्राय न वाचताच, आहे तसा सादर करीत आहे. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करण्याची ही त्याची शेवटची वेळ समजावी.

आपला नम्र, आणि आपला आदेश रद्द होईपर्यंत नाइलाजाने निर्दोष,

(सही) मालक, पूर्ण नावाने
(सही) चालक, तीच सही. या खेपेस शेपूट काढलेले नाही

दिनांक: सोमवार, खिडकी उघडण्याआधी.

सोबत:
१. निर्दोषत्वाचा आदेश, परत.
२. ‘अनुकरणीय’ प्रमाणपत्र, पुसलेले, परत.
३. सहायकाच्या दृष्टीचा दाखला: उत्तम.
४. सहायकाचा स्वहस्ताक्षरातील अभिप्राय: कृपया मागे पाहावे.

(मागील बाजूस)

साहेब, वाचलं. लागलं.
पण न बघता मीच म्हणाले, ते काही ह्यांनी म्हणायला लावलं नव्हतं. म्हणून माझं नाव काढायला माझी हरकत आहे. दोघांची नावं ठेवा.
ह्यांचं वर घाला.